उकव्याचे मँगनीज आणि रोमन लाख
बालाघाटहून बैहरकडे जाताना उकवा लागतं. इथे ‘मॉइल’ची मँगनीजची भूमिगत खाण आहे, कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपुरात. रसायनाच्या पुस्तकात मँगनीजच्या नावापुढे कंसात रोमन आकडा येतो: डायऑक्साइडमध्ये चार, परमँगनेटमध्ये सात. तिथे तो शोभतो. पण खाणीचा हिशेब टनांत! एक लाख टन रोमनमध्ये लिहायचे तर हजाराचा ‘एम’ शंभर वेळा मांडावा लागेल. त्यावर तोड म्हणजे ‘सी’वर आडवी रेघ, तिने किंमत हजारपट होते. रेघ पुसली गेली, की लाखाचे शंभर! जमिनीखाली घाम गाळणाऱ्यांची मेहनत एका रेघेवर कशी सोडायची? दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या मला उकव्यात आपल्या शून्याची खरी किंमत कळली.