बो ते शेगाव: गल्लीचा इतिहास पायी सांगणारे

लंडनच्या बहुतेक भागांत स्थानिक इतिहास मंडळे आहेत. सभासदांची थोडीशी वार्षिक वर्गणी, हिवाळ्यात वाचनालयाच्या किंवा चर्चच्या सभागृहात होणारी व्याख्याने, उन्हाळा लागला की गल्लीबोळांतून पायी फेऱ्या आणि अधूनमधून निघणारी एक छोटी पत्रिका, एवढाच त्यांचा पसारा. काम चालवणारे बहुधा निवृत्त लोक असतात. ते मानधन घेत नाहीत आणि नावापुढे इतिहासकार अशी पदवीही लावत नाहीत. जुने नकाशे, शाळांची हजेरीपत्रके, दुकानांच्या जाहिराती आणि घरोघरची छायाचित्रे पाहण्यासाठी ते त्या भागाच्या अभिलेखागारात दिवस घालवतात. मग एखाद्या रविवारी वीस-पंचवीस माणसांना घेऊन चौकात उभे राहतात आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून बोलू लागतात.

घरांवर दिसणाऱ्या निळ्या गोल पाट्या याच परंपरेतल्या. ही योजना १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने सुरू केली. पुढे ती लंडनच्या नगर प्रशासनाकडे गेली आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेज ती चालवते. पाटी मिळण्याचे नियम साधे आहेत. ती व्यक्ती जाऊन किमान २० वर्षे झालेली असावीत आणि तिचा संबंध असलेली वास्तू अजून उभी असावी. मराठी माणसाला या पाट्यांवर ओळखीची नावे भेटतात. मेडा व्हेलजवळच्या हॉवली प्लेसमध्ये लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले. हायगेटच्या क्रॉमवेल अव्हेन्यूवरील इंडिया हाउसवर सावरकरांचे नाव आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तेथे स्मारक आहे. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून चालू आहे. गावाकडून पाहुणे आले की त्यांना ही ठिकाणे दाखवणे हा लंडनच्या मराठी घरांतला नेहमीचा शिरस्ता आहे.

पण वर्धेकराने आधी जावे ते पूर्व लंडनमधल्या बो या वस्तीत. तेथील फेऱ्यांमध्ये फेअरफील्ड रोडवरील ब्रायंट अँड मे यांचा काडेपेट्यांचा कारखाना हमखास येतो. १८८८ च्या जुलैत तेथील सुमारे १४०० कामगारांनी संप केला. त्यांत बहुतेक बायका आणि मुली होत्या. पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांचे जबडे सडत, दंड कापून घेतल्यावर मजुरी हातात थोडीच उरे. आज त्याच विटांच्या इमारतीत महागडी घरे आहेत. फेरी नेणारा लोकांना बाहेर थांबवतो आणि संपातल्या मुली कोणत्या गल्लीत राहत, घरभाडे किती होते, संपनिधी कोठून आला, हे सांगतो. त्या सांगण्यात मालकांची नावे उशिरा येतात आणि कामगार मुलींची आधी.

तेथून थोडे चालले की पोविस रोडवर किंग्जली हॉल लागतो. म्युरिएल आणि डोरिस लेस्टर या बहिणींनी गरीब वस्तीसाठी उभारलेली ही संस्था. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधीजींनी हॉटेल नाकारले आणि सप्टेंबर ते डिसेंबर असे सुमारे १२ आठवडे ते येथे राहिले. हॉलच्या गच्चीवर ओळीने बांधलेल्या लहान खोल्यांपैकी एक त्यांची. पहाटे ते वस्तीतून चालायला निघत आणि मुले मागे लागत. २ ऑक्टोबरला त्याच मुलांनी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून खेळणी दिली. पुढे ही इमारत काही काळ अगदी मोडकळीला आली होती. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटाच्या काळात तिच्या दुरुस्तीला चालना मिळाली आणि १९८५ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

त्या गच्चीवरच्या मुक्कामात गांधीजींबरोबर मॅडलिन स्लेड, म्हणजे मीराबेनही होत्या. पाच वर्षांच्या आत त्याच मीराबेन वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात, गांधीजींच्याही आधी, राहायला गेल्या. बो आणि शेगाव यांना जोडणारा हा धागा लंडनच्या फेरीत क्वचितच ऐकू येतो. वर्ध्यात तर तो जवळजवळ ऐकूच येत नाही.

महाराष्ट्रात इतिहास मंडळांची परंपरा दुबळी नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चे. विदर्भात नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ आणि यवतमाळचा शारदाश्रम यांनी मोठे काम केले. पण या संस्थांचा जीव दप्तरांत, ताम्रपटांत, नाण्यांत आणि पोथ्यांत गुंतलेला होता. राजवाडे गावोगाव पायी हिंडले ते कागद वाचवण्यासाठी. ते झाले नसते तर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग वाळवीच्या तोंडी गेला असता. मात्र राहत्या गल्लीचा इतिहास त्याच गल्लीतल्या माणसांना सांगावा, हे काम आपल्याकडे कोणत्याही मंडळाने नेटाने उचलले नाही. वर्धा जिल्ह्यात ते करण्यासारखी सामग्री भरपूर आहे.

जिल्ह्यात येणारा पाहुणा बहुतेक वेळा फक्त सेवाग्राम आश्रम पाहतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला आले. गावाची मालगुजारी जमनालाल बजाजांची होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाची गल्लत होऊन टपाल तिकडे जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदिनिवास, बा कुटी, बापू कुटी, कुष्ठरोगी पंडित परचुरेशास्त्र्यांची कुटी आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात बसवलेला टेलिफोन हे सारे जपलेले आहे. गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळच्या मैदानात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना अजून होते. आश्रम प्रतिष्ठानाने हे सातत्य टिकवले, ही मोठीच गोष्ट.

बापू कुटीत मात्र घाईने आत जाऊन बाहेर पडू नये. ही झोपडी मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधवून घेतलेली. गांधीजी नंतर तेथे राहायला आले. माती, बांबू, शिंदीची पाने आणि वर कवेलू, एवढ्यावर ती उभी आहे. भिंतीवर मातीनेच उठावात काढलेली ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐ दिसतात. ही नक्षी मीराबेनच्या हातची. तिरप्या उन्हात भिंतीकडे बाजूने पाहिले की उठाव स्पष्ट होतो. समोरून पाहणाऱ्याला ती नुसती सारवलेली भिंत वाटते. इंग्रज दर्यासारंगाच्या मुलीने वर्ध्याच्या मातीत ताड घडवले, ही गोष्ट सांगायला जागेवर माणूसच हवा. फलकाने ते काम होत नाही.

आश्रमाच्या कुंपणाबाहेरचे शहर पाहुण्याला दाखवलेच जात नाही. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या वस्तीच्या जागी नव्याने आखलेल्या वर्धा शहरात आले. लंडनमध्ये पाट्यांची योजना सुरू झाली तेच हे वर्ष. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली आणि वर्ध्याची बाजारपेठ वाढली. या शहरातली पायी फेरी लक्ष्मीनारायण मंदिरापासून सुरू करता येईल. जमनालाल बजाजांनी १९२८ च्या जुलैत हे मंदिर दलितांसाठी खुले केले. देशात ज्या मंदिरांनी सर्वांत आधी हे पाऊल उचलले त्यांत त्याची गणना होते. तेथून बजाजवाडी, जेथे १९३० आणि ४० च्या दशकांत काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य उतरत. मग मगनवाडी, जेथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांनी चालवले. तिथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. तऱ्हेतऱ्हेचे चरखे आणि ग्रामोद्योगांची हत्यारे तेथे आहेत. ती नुसती पाहायची नसतात, कशी चालतात ते कारागिराकडून समजून घ्यायचे असते. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची कल्पना मांडणारी शिक्षण परिषद भरली तीही वर्ध्यातच.

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारे पवनार तर एकट्याने दिवस खाणारे ठिकाण आहे. धाम नदीकाठच्या टेकडीवर विनोबा १९३८ मध्ये राहायला आले. तेथे जमीन खणताना वाकाटककालीन शिल्पे निघाली. त्यांतले राम-भरत भेटीचे शिल्प विनोबांना फार जवळचे वाटले. ही शिल्पे आजही ब्रह्मविद्या मंदिरात आहेत. म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असे मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर त्यावर वाद झाला. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाला विनोबांनी याच पवनारात सुरुवात केली. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथेच धामेत विसर्जित झाला आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी येथेच देह ठेवला. पंधराशे वर्षांचा इतिहास एका वळणावर असा एकत्र आहे, आणि गाडी थांबते ती फार तर अर्धा तास.

जिल्ह्याच्या इतर भागांची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या शहिदांची आठवण गावाने जपली आहे. पुलगाव ते आर्वी धावणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी बंद पडली, पण तिच्यातून कापसाच्या गाठी आणि वऱ्हाडी नेणारी माणसे अजून आहेत. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तेथे सापडणारे गोल दगड म्हणजे बाबांनी दगड करून टाकलेला व्यापाऱ्यांचा माल, अशी कथा सांगतात. हिंगणघाटचा कापूस अमेरिकेतल्या यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता. त्यानंतर हिंगणघाट आणि पुलगावला कापड गिरण्या आल्या. तेथल्या भोंग्यावर उठणाऱ्या पिढ्यांचा इतिहास कोणत्याही फेरीत नाही. बोच्या काडेपेटी कामगार मुलींना नावाने ओळखणारी माणसे लंडनमध्ये आहेत. पुलगावच्या साच्यांवर उभ्या राहिलेल्या कामगारांची नावे मात्र त्यांच्या घराबाहेर कोणी घेत नाही. वर्ध्याच्या इतिहासाची ही खरी उणीव आहे. थोर पुरुषांची स्मारके झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांनी कुटीची माती तुडवली, सरकी काढली, गिरणीत रात्रपाळी केली, त्यांच्या वस्त्यांपर्यंत कोणी पाहुण्याला नेत नाही.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एखादी शाळा, एक सार्वजनिक वाचनालय, दहा-बारा उत्साही माणसे आणि महिन्यातून एक रविवार इतके पुरते. चालायची वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कारण नंतरचे वर्ध्याचे ऊन कोणाला उभे राहू देत नाही. सुरुवात बोलण्यापेक्षा ऐकण्याने व्हावी. ऐंशी-नव्वदीतल्या माणसांचे बोल त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावेत. मालगुजारीचे कागद, गिरणीचे पगारपत्रक, लग्नपत्रिका, वर्गाचा फोटो यांच्या प्रती वाचनालयात ठेवाव्यात. वाडे पाडले जात आहेत त्याआधी निदान त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

परदेशात गेलेल्या वर्धेकरांच्या हातातही यातले बरेच आहे. लंडन, न्यू जर्सी किंवा मेलबर्नच्या कपाटांत आजोबांची पत्रे आणि आश्रमातल्या दिवसांची छायाचित्रे पडून आहेत. मागे कोण उभे आहे हे ओळखणारे शेवटचे माणूस घरात आहे तोवर त्या छायाचित्रांमागे नावे लिहून घ्या. पुढच्या सुट्टीत वर्ध्याला गेलात की त्यांच्या प्रती गावच्या वाचनालयाला द्या, आणि मुलांना सेवाग्राम दाखवून झाल्यावर पुलगावच्या गिरणीच्या फाटकापर्यंतही घेऊन जा.