आपणांस कळविण्यांत येईल

मराठींत वाक्याची एक ठेवण अशी आहे कीं, तींत क्रिया असते, पण कर्ता कोठेंच दिसत नाहीं. शाळेंत तिचीं उदाहरणें आम्हीं पाठ केलीं; तिचें मर्म मात्र नोकरीसाठीं मुलाखती देऊं लागल्यावर उमगलें. ‘आपणांस यथावकाश कळविण्यांत येईल’ हें तें वाक्य. कोण कळविणार, केव्हां कळविणार, हें त्यांत शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. वाक्य सभ्य आहे, शुद्ध आहे, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें बहुधा खोटें आहे.

१९९४ च्या जून महिन्यांत, इंग्रजी घेऊन नुकतेच एम. ए. झालेले आम्ही, पुण्याहून एस. टी.च्या रात्रीच्या गाडीनें मराठवाड्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मुलाखतीसाठीं गेलों. हातांत प्रमाणपत्रांची फाईल, अंगांत वडिलांचा इस्त्री केलेला सदरा आणि डोक्यांत शेक्सपिअरचीं चार नाटकें. पत्रांत वेळ अकराची दिली होती. आम्ही नऊ जण महाविद्यालयाच्या व्हरांड्यांत बसलों. बारा वाजले, दोन वाजले. मधून मधून एक तरुण येऊन पाणी देई, खुर्च्या सावलींत सरकवी आणि ‘आतां बोलावतीलच’ असा धीर देई. चार वाजतां आमचें नांव पुकारलें गेलें. शेक्सपिअरविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. मूळ गांव कोणतें, या भागांत नातेवाईक कोण, आणि इकडचें पाणी मानवेल काय, एवढे तीन प्रश्न झाले, आणि लागलीच वरील वाक्य कानीं पडलें. बाहेर आल्यावर शिपायानें दया येऊन सांगितलें कीं, खुर्च्या सरकविणारे तेच येथले इंग्रजीचे मास्तर. वर्षभर तेच शिकवीत आहेत आणि पुढेंही तेच शिकविणार आहेत. आम्हांस त्या गृहस्थाचा राग आला नाहीं. त्याच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींही खुर्च्या सरकविल्या असत्या.

नवल असें कीं, एवढें समजूनही आम्हीं पत्राची वाट पाहिली. शिपायाचें काय, तो ऐकीव बोलत असेल! दुपारीं पोस्टमन येण्याच्या सुमारास आई उगीचच कांहींतरी वाळत घालावयास ओट्यावर येई. वडील कचेरींतून आले म्हणजे चपला काढतां काढतां टेबलाकडे एक नजर टाकीत. विचारीत मात्र नसत. तें न विचारणेंच आम्हांस फार लागे. ‘निवड झाली नाहीं’ असे तीन शब्द लिहिलेलें १५ पैशांचें पोस्टकार्ड आलें असतें, तरी आमच्या घरानें एक दिवस दुःख करून दुसऱ्या दिवशीं नवा अर्ज लिहिला असता. तें कार्ड अद्याप यावयाचें आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आपण फारसींतून घेतला. उमेद म्हणजे आशा. तेव्हां उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. पूर्वीं कचेरींत बिनपगारी राबत, जागा रिकामी होण्याची वाट पाहाणाऱ्यास हेंच नांव होतें. डॉ. जॉन्सननें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलें पत्र आम्ही वर्गांत शिकवितों. कोशाच्या कामास आश्रय मिळेल या आशेनें जॉन्सन त्या सरदाराच्या बाहेरच्या दालनांत तिष्ठला. मग सात वर्षें लोटलीं, आणि कोश पुरा होत आल्यावर सरदारसाहेबांनीं त्याची स्तुति छापून आणली. त्या पत्रांतला संताप नकारापेक्षां ताटकळण्याचा अधिक आहे, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थी हें टिपून घेतात, परीक्षेंत लिहितात, आणि पदवी घेऊन आपापल्या बाहेरच्या दालनांत जाऊन बसतात.

आतां तें दालन डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच. आमचा पुतण्या संगणक अभियंता आहे. गेल्या वर्षीं एका कंपनीनें त्याच्या पांच मुलाखती घेतल्या. साऱ्या घरबसल्या, पडद्यावर. तोंवर भरतीचें काम पाहाणाऱ्या बाईंचे दिवसांतून तीन तीन फोन येत. पांचवी मुलाखत झाली आणि फोन थांबले. त्यानें पाठविलेल्या संदेशापुढें दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तो वाचला गेला, उत्तर नाहीं. एक ई-मेल आला, तो अशा पत्त्यावरून कीं ज्यास उलट उत्तर धाडतांच येत नाहीं. आमच्या वेळीं निदान पोस्टावर संशय घेण्याची सोय होती!

‘काका, एवढें नाहीं म्हणायला काय लागतं?’ असें त्यानें आम्हांस विचारलें. कारण आम्हांस ठाऊक होतें. पहिला उमेदवार रुजू होईपर्यंत दुसऱ्यातिसऱ्यास ‘नाहीं’ म्हणावयास कोणी धजत नाहीं. न जाणो, पहिला फिरला तर? आणि तो रुजू झाल्यावर बाकीच्यांस कळविणें हें कोणाच्याच कामांत मोडत नाहीं. हें ज्ञान आम्हांस टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून झालें, म्हणून तें पुतण्यास सांगवेना.

२०१९ च्या जूनमध्यें एका महाविद्यालयाच्या निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून आम्हांस बोलावणें आलें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनें शैक्षणिक गुणांकन केवळ मुलाखतीस बोलावण्यापुरतें ठेवून निवड मुलाखतीवरच सोंपविली होती, म्हणजे एम. ए., नेट, पीएच. डी. ही सारी कमाई दारापर्यंतची, पुढचें सारें आमच्या पंधरा मिनिटांवर. उमेदवारांत एक बाई होत्या. अकरा वर्षें त्या तासिका तत्त्वावर शिकवीत होत्या. उत्तरें मोजकीं आणि चांगलीं. जातांना दाराशीं थांबून त्या म्हणाल्या, ‘सर, नाहीं असलं तरी कळवा. म्हणजे मला दुसरीकडे तास मागता येतील.’ अध्यक्ष कागद चाळीत होते. बाई आमच्याकडे पाहात होत्या, म्हणून आम्हीं म्हटलें, ‘कळवूं, मॅडम.’ या वाक्यांत कर्ता होता, आणि तो आम्ही होतों.

पांच वाजतां अहवालावर सह्या झाल्या. बाईंचें नांव दुसऱ्या क्रमांकावर लागलें. त्यांच्या अर्जावरील मोबाईलचा क्रमांक आमच्या डोळ्यांपुढें होता. आम्हीं तो उतरून घेतला नाहीं. कळविणें हें संस्थेचें काम, गुप्तता पाळावयाची, विद्यापीठाची मान्यता यावयाची. शिवाय आमची सहाची गाडी. सबबी भक्कम होत्या, त्यांतही गाडीची सर्वांत भक्कम. प्रवासभत्त्याच्या कागदावर आमच्या बँकखात्याचा क्रमांक मात्र आम्हीं दोनदां ताडून पाहिला.

नोव्हेंबरांत उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर त्या दिसल्या. दुसऱ्या टेबलाकडे वळावें असें आमच्या मनांत आलें; पण त्यांनींच पुढें होऊन नमस्कार केला. चहाच्या वेळीं कळलें कीं, जुलैंत जुन्या महाविद्यालयानें तासांसाठीं विचारलें, तेव्हां आमच्याकडून कांहीं समजेल म्हणून त्यांनीं आठ दिवसांची मुदत मागितली. मुदत सरली, तास दुसऱ्यास गेले. आतां त्या दूरच्या एका गांवीं आठवड्यास चार तास घेतात. जाण्यायेण्यांत अर्धा दिवस मोडतो. हें त्यांनीं पाऊसपाण्याचें सांगावें तसें सांगितलें. मग विचारलें, ‘शेवटी निवड कोणाची झाली, सर?’

आम्हीं नांव सांगितलें.

‘आणि माझं?’

‘दुसऱ्या क्रमांकावर होता तुम्ही.’

त्या क्षणभर गप्प राहिल्या. ‘बरं झालं, कळलं,’ म्हणाल्या, आणि रिकामा पेला खालीं ठेवून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोजूं लागल्या.