थकबाकी

मेलेल्या माणसाच्या नावावर वर्गणीची थकबाकी काढायची आणि ती भरेपर्यंत कबर खणू द्यायची नाही, हे ख्रिस्ताच्या मंडळीला शोभतं का, असं मी आमच्या वार्षिक सभेत उभी राहून विचारलं. कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "बाई, हा विषय अजेंड्यावर नाही." आणि खजिनदारांनी घंटेच्या दुरुस्तीचा खर्च वाचायला घेतला. त्या दिवसापासून माझा संताप कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आमची मंडळी जुनी आहे. नगर जिल्ह्यात मिशनरी 1831 मध्ये आले, त्यांच्या मागोमाग तालुक्यांच्या गावी जी दगडी चर्चं उभी राहिली, त्यांतलं एक आमचं. कंपाउंड, शाळा, बंद पडलेलं हॉस्पिटल, दफनभूमी, आणि या सगळ्या जमिनीपायी चाललेले दावे. ज्यांचं आयुष्य मिशन कंपाउंडात गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ज्यांच्यासाठी मी सभेत उभी राहिले त्या आयामावशी त्याच हॉस्पिटलात आया होत्या. गावातल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. माझी दोन्ही मुलंही त्यात आली. हॉस्पिटल बंद पडलं, मावशींचा मुलगा अकाली गेला, सून माहेरी निघून गेली. नातवाला त्यांनीच वाढवला. तो रंगकाम करतो. मे महिन्यात, ऐन उन्हात, त्या गेल्या. पहाटे नातू माझ्या दारात आला, "बाई, आजी गेली" एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मी पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी सेक्रेटरींना विचारायला सांगितलं. तिथून पुढे जे झालं ते मला सविस्तर सांगायचं आहे, कारण सभेत ते मला सांगू दिलं नाही.

सेक्रेटरींनी रजिस्टर आणलं. मावशींचं नाव सभासदांच्या यादीतून कमी केलेलं होतं. वर्गणी सलग थकली की नाव आपोआप निघतं, असा नियम. नाव नाही म्हणजे सभासद नाही, आणि सभासद नाही तर दफनभूमीत जागा नाही. मार्ग एकच, मागची सगळी वर्गणी भरा, वर जागेचे पैसे भरा. नातवाकडे बर्फाच्या लाद्यांपुरते पैसे होते, ते त्याने बर्फाला दिले होते. मी म्हटलं, मी भरते. तर म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही बाई, पद्धतीचा आहे. आधी कमिटीचे आणखी दोन सभासद बोलवायला हवेत. एक जण लग्नाला परगावी होता. दुसरे आले ते दुपारी. चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली खुर्च्या टाकून बैठक झाली. तिकडे मावशींच्या खोलीत बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून वाहत होतं आणि शेजारच्या मुसलमान घरातल्या बायका ते पुसत होत्या.

बैठकीत आणखी एक मुद्दा निघाला. मावशी शेवटची काही वर्षं एस.टी. स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जात. "मग त्यांनीच द्यावी जागा," असं मंडळीचे एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणाले. त्या फेलोशिपला स्वतःचं शेडसुद्धा नाही, ते भाड्याचं आहे. दफनभूमी कुठून असणार? हे म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

फेलोशिपचा पास्टर तरुण आहे, माझ्याच वर्गात शिकलेला. तो तीन-चार पोरं घेऊन आला. त्याने कुणाशी वाद घातला नाही. दानार्पणाच्या पेटीतले पैसे होते, दहा-दहा वीस-वीसच्या नोटा. टेबलावर ठेवल्या. खजिनदारांनी मोजल्या, पावती फाडली, मृत व्यक्तीचं नाव लिहिलं. नाव यादीतून निघालं होतं, ते पावतीपुरतं परत आलं. मग त्या मुलाने विचारलं, शेवटी एक प्रार्थना करू का? त्यावर उत्तर मिळालं की आमच्या दफनभूमीत विधी आमचे पाळकच करतील. तो फाटकाबाहेर उभा राहिला. ज्यांनी मावशींना दर आठवड्याला रिक्षात घालून नेलं, धरून आणलं, औषधं आणून दिली, ते रस्त्यावर. आणि आम्ही आत, हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घेऊन. आमच्या पाळकांनी विधी व्यवस्थित केला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांची बदली डोक्यावर होती आणि कमिटीपुढे त्यांचं काही चालत नाही.

नंतर मी ते वर्गणीचं खातं मागून घेऊन पाहिलं. हॉस्पिटल बंद झाल्यावरही कितीतरी काळ मावशींची वर्गणी महिन्याच्या महिन्याला जमा आहे. मग एकदम कोरी. ती कोरी का झाली ते मला आठवलं. पूर्वी मंडळीचे एक वडील वही घेऊन घरोघर जात, चहा घेत, आजारपण विचारत, प्रार्थना करत आणि वर्गणी घेत. ते वारले. त्यांच्या जागी कुणी जायला तयार झालं नाही, तेव्हा वर्गणी चर्चमध्ये आणून भरायची असं ठरलं. त्याच सुमारास मावशींचे गुडघे गेले. म्हणजे ज्या महिन्यांची थकबाकी त्यांच्या नावावर निघाली, त्यांतल्या एकाही महिन्यात मंडळीतलं कुणी त्यांचा उंबरा ओलांडून आत गेलं नव्हतं. ती थकबाकी मंडळीची होती. वसूल मात्र मावशींकडून झाली.

फेलोशिपवाल्यांबद्दल माझं मत आधी चांगलं नव्हतं. आमची माणसं ओढून नेतात, जुन्या मंडळ्या पोखरतात, असं मी बोलत आले, आणि तसं ते करतातही. तरी मी त्या शेडमध्ये जाऊन बसले. उपासना लांबते, ढोलकी कानावर येते, एकाच वेळी सगळे मोठ्याने प्रार्थना करतात. मला त्याची सवय नाही. पण सुरुवातीला एक मुलगी वही घेऊन फिरते आणि कोण आलं नाही ते लिहिते. उपासना संपल्यावर ती वही वाचतात आणि दोघा-दोघांना एकेक नाव वाटून देतात. त्याच संध्याकाळी ते त्या घरी जातात. मी एकीबरोबर गेले. वीटभट्टीवरचं कुटुंब होतं, पोराला ताप होता. तिने आधी तापाची गोळी कुठली दिली ते विचारलं, मग प्रार्थना केली.

हे सगळं मनापासून आवडत असतानाच एका रविवारी बाहेरगावचे कुणी पाहुणे प्रचारक आले आणि साखरेच्या आजाराच्या एका बाईला म्हणाले, विश्वास असेल तर इन्सुलिन कशाला? मी तिथेच उठले आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. पास्टर मागोमाग आला. "बाई, मी त्यांना पुन्हा बोलावणार नाही," म्हणाला. त्याने शब्द पाळला. पण ज्या ठिकाणी एका माणसाच्या तोंडच्या शब्दाला जाब विचारणारी कमिटी नाही, तिथे असे पाहुणे पुन्हा येऊ शकतात, ही भीती माझ्या मनातून जात नाही. त्या क्षणी मला आमची रुक्ष कमिटी बरी वाटली. आयामावशी आठवल्या की पुन्हा वाटत नाही.

माझी धाकटी वसईला दिली आहे, कॅथलिक घरात. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी तिथे राहिले होते. तिथल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, शेजारपाजारच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह केलेले आहेत. प्रत्येक समूहाची बैठक कुणाच्या तरी घरी भरते, बायबलचा एक उतारा वाचतात, त्यावर घरातली माणसं बोलतात, धर्मगुरू बहुतेक वेळा नसतोच. सासूबाईंच्या आजारपणात कुणी कधी डबा आणायचा, रात्री कुणी बसायचं, हे त्या बैठकीत ठरलं आणि तसं झालं. रोझरीच्या वेळी मी गप्प बसून राहायची. मरियेची प्रार्थना माझ्या ओठांवर येत नाही, ते माझं वळण. तिथल्या बायकांनी त्यावरून मला कधी टोचलं नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला, जिथे पोपपासून सगळं वरून खाली ठरतं अशी आमची समजूत, तिला घराघरातली बैठक जमते. आणि मंडळीने आपला कारभार आपण चालवावा या तत्त्वावर वाढलेल्या आम्हाला जमत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

लांब तरी कशाला जायचं? जामखेड आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं 1970 मध्ये तिथे आलं. आपण दोघे डॉक्टर किती गावं बघणार, म्हणून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, कितीतरी शाळेची पायरीही न चढलेल्या, दलित, टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, मुलांची वजनं, क्षय, कुष्ठरोग हे सगळं शिकवलं. दुष्काळात हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाणी हवं त्याने तिथे यायचं. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या महिला संघाबरोबर मी तिथे गेले होते. एका आरोग्य सेविकेने आपल्या गावातल्या गरोदर बायकांची नावं, कुणाचा कितवा महिना, कुणाचं रक्त कमी, असं घडाघडा तोंडपाठ सांगितलं. परतीच्या गाडीत मी मनाशी प्रयत्न करून पाहिला की आमच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं मला अशी सांगता येतील का, आणि आमच्या कमिटीला येतील का. मतदार यादी मात्र निवडणुकीच्या वर्षी कमिटीतल्या प्रत्येकाला पाठ असते.

त्या हातपंपाबद्दलही थोडं बोलायला हवं. आपण बाप्तिस्मा घेतला तरी सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतोच. मागे कुठल्या वाड्यातले, असं हळूच विचारलं जातं. आरोळेंनी पाणी कुठे काढायचं यातून जातीला हात घातला. आम्ही गायनवृंदात कोण पुढे उभं राहणार यावरून घराण्यांचे गट करतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आम्ही रविवारी गातो. पण त्याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार स्थापन केला, हे मंडळीतल्या किती तरुणांना माहीत आहे? बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, अशी त्यांची कल्पना. 1919 मध्ये ते गेले आणि ते काम पुढे टिकलं नाही. यादीत नाव नाही म्हणून कुणाला बाहेर ठेवू नये, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी सुचलं होतं. ज्यांना टिळकांचा अभिमान आहे त्यांनी या गोष्टीचाही विचार करावा.

माझ्या सासूबाई बायबल बाई होत्या. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, सुईदोरा आणि मलमाची डबी घेऊन रोज घरं करायच्या. फेलोशिपमधली वही, वसईची घरातली बैठक, जामखेडची तोंडपाठ नावं, हे सगळं पाहून मी भारावून जायची आणि मग लक्षात यायचं की हे आमच्याच घरात होतं. मंडळीने खर्च वाचवायला बायबल बायांची जागा बंद केली. त्या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दफनाचा आणि वर्गणीचा संबंध तोडावा. प्रत्येक वडिलांकडे एकेक गल्ली द्यावी आणि मासिक सभेत आधी त्या घरांची हकीकत वाचावी, मग जमाखर्च. ज्यांचं नाव यादीतून काढायचं त्यांच्या घरी आधी दोघांनी जाऊन यावं. आणि दफनभूमीत दुसऱ्या पंथाच्या सेवकाला प्रार्थनेची मोकळीक असावी. 1970 मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन एक मंडळी झाली, बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढांचाच मानणारे तिच्यात एकत्र राहू लागले. त्यापुढे फाटकाआत एक प्रार्थना करू देणं काहीच नाही.

मात्र मध्यंतरी फेलोशिपचा पास्टर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, दफनभूमीचा मागचा कोपरा आमच्या लोकांना मिळेल का? तुम्ही शब्द टाका." तो कोपरा म्हणजे माझ्या यजमानांच्या कबरीमागची जागा. जागा मुळात अपुरी आहे, आमच्याच माणसांना पुढे पुरणार नाही. मी त्याला लगेच हो म्हणू शकले नाही. प्रार्थनेला हरकत नाही आणि जमिनीला आहे, हे माझं मन मला पटत नाही, पण ते तसं आहे.

दफन आणि वर्गणी वेगळी करण्याचा अर्ज मी लिहिला आहे. महिला संघातल्या बऱ्याच जणींनी सह्या केल्या, काहींनी घरून बोलणी बसल्यावर आपली नावं खोडून घेतली. पाळकसाहेब नवे आले आहेत, त्यांनी अर्ज वाचला आणि कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. सेक्रेटरी म्हणतात, उपसमिती नेमावी लागेल. मी त्यांना सांगितलं आहे, नेमा, पण वार्षिक सभेच्या अजेंड्यावर या वेळी विषय लेखी घ्या, आणि मागच्या कोपऱ्याचाही घ्या. त्यावर माझं मत काय पडेल ते मी सभेतच सांगेन.