न मागितलेला पट्टा

चोर म्हटला की रात्री कौले काढून घरात उतरणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु काही चोर भरदिवसा, दूरध्वनीवरून, मोठ्या आदबीने येतात आणि प्रथम आपल्या प्रकृतीची विचारपूस करतात. न्यू जर्सीत थोरल्या बहिणीकडे काही महिने राहिले, तेव्हा अशा चोरांशी माझी ओळख झाली.

ताईने तेथे परिचारिका म्हणून आयुष्य वेचले. आता वयोमानाने ती ‘मेडिकेअर’ची लाभार्थी आहे. प्रामुख्याने पासष्टी गाठलेल्यांसाठी असलेली ही सरकारी योजना १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आली. चाकांची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र, सांध्यांचे पट्टे अशी घरी वापरायची साधने डॉक्टरांनी लिहून दिल्यास तिच्यातून मिळतात. सर्वसाधारणपणे मान्य किमतीचा ८० टक्के भार योजना उचलते, २० टक्के रुग्णाकडे राहतो. दुकानदार आपले बिल थेट योजनेकडे पाठवतो. पैसे देणाऱ्याने रुग्णाला पाहिलेले नसते आणि रुग्णाने बिल पाहिलेले नसते. नेमक्या याच फटीतून चोर आत शिरतो.

ताईला असा फोन आला, तेव्हा “माझ्या डॉक्टरांना विचारीन” एवढेच बोलून तिने तो ठेवला. शेजारच्या वृद्ध बाईंनी मात्र विश्वासाने कार्डावरचा क्रमांक सांगितला होता. त्यांच्या दारात पाठीचा, मनगटाचा आणि दोन्ही गुडघ्यांचे असे चार पट्टे येऊन पडले. एकही मापाचा नव्हता. पुढे योजनेचे हिशेबपत्रक आले. त्यावर ‘हे बिल नव्हे’ असे छापलेले असते, म्हणून पुष्कळ जण ते न वाचताच बाजूला ठेवतात.

“पैसे सरकारचे गेले, माझे काय गेले?” बाई म्हणाल्या.

“तुमच्या नावावर पट्टा चढला,” ताई शांतपणे म्हणाली. “उद्या खरोखरच गरज पडली, तर कागद सांगेल की यांना तो आधीच मिळाला आहे.”

बाईंचा चेहरा उतरला. मुलाला कळले तर तो रागावेल, हीच त्यांची मोठी भीती होती. वृद्धांच्या या संकोचावरच हा धंदा पोसला जातो. ताईने त्यांच्याजवळ बसून मेडिकेअरला फोन लावून दिला आणि सारे त्यांच्याच तोंडून सांगवले.

हे प्रकरण चार पट्ट्यांपुरते नाही. एप्रिल २०१९ मध्ये अशाच पट्ट्यांच्या व्यवहारात २४ जणांवर आरोप ठेवले गेले. नुकसानीचा आकडा १२० कोटी डॉलरांच्या वर होता. रुग्णाला कधीही न पाहिलेले डॉक्टर दलाली घेऊन सह्या करीत, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक अमेरिकनांची ओळख चोरून, मूत्रनलिका व तत्सम साधनांच्या नावे १,००० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे दावे केल्याचा आरोप पुढे आला. सुदैवाने मेडिकेअरने त्यातील बहुतांश रक्कम आधीच रोखली होती.

सरकार स्वस्थ बसलेले नाही. २००९ पासून बहुतेक पुरवठादारांना ५०,००० डॉलरांचे हमीपत्र द्यावे लागते. विजेवर चालणाऱ्या खुर्चीसारख्या काही साधनांना पूर्वमंजुरी लागते. १९९७ पासून ‘सीनियर मेडिकेअर पेट्रोल’ या उपक्रमाचे स्वयंसेवक वृद्धांना पत्रक कसे वाचावे ते शिकवतात. तरीही आपल्याला कोणती वस्तू मिळाली आणि कोणती नाही, हे त्या रुग्णाइतके खात्रीने कोण सांगणार?

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील, भावंडे परदेशी वृद्ध होत आहेत. त्यांच्याशी बोलताना हवापाण्याबरोबर एवढेही विचारावे: फुकट वस्तूसाठी कोणी कार्डाचा क्रमांक मागितला का? डॉक्टरांकडे गेल्याची आणि मिळालेल्या साधनांची नोंद वहीत ठेवता का? आलेले पत्रक त्या वहीशी ताडून पाहता का? आणि त्यांनी चुकून क्रमांक दिला असेल, तर रागावू नये. रागावलो, तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगणारच नाहीत.