पागोळ्या आणि परमिट

घराच्या मागच्या भिंतीला टेकून एक छप्पर, त्याखाली ओटा आणि गॅसची शेगडी. बस्स, एवढंच हवं होतं आम्हाला. इथले लोक त्याला 'कव्हर्ड पॅटिओ' म्हणतात, आम्ही घरात पडवीच म्हणतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या की बोंबील तळले जातात, आणि बोंबील तळले की स्मोक अलार्म बोंबलतो. वर पुढचे चार दिवस कोट, पडदे, सोफा सगळ्यांना वास. असो.

आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. चाकांचं ग्रिल अंगणात ओढून वापरलं तर कुणी काही विचारत नाही. पण घराला जोडलेलं छप्पर म्हटलं की परमिट आलंच, आणि जमिनीखालून गॅसची लाइन, बाहेर विजेचे पॉइंट म्हटलं की त्यांच्या तपासण्या वेगळ्या. एका कंत्राटदाराने तर सरळ दोन भाव सांगितले, परमिटसह आणि परमिटशिवाय! "मागच्या अंगणात कोण बघायला येतंय?" हे वर. त्याला नवऱ्याने तिथूनच नमस्कार केला.

सासूबाईंना हे काही पटेना. "आमच्या गुहागरच्या पडवीला कुणी परमिट विचारलं होतं गं?" आणि मग भाजी निवडता निवडता त्यांनीच सांगितलं, की पडवी वाढवायची ठरली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी शेजाऱ्यांना बोलावून, दोरी धरून दाखवलं होतं. कशासाठी? तर पागोळ्यांचं पाणी आपल्याच हद्दीत पडायला हवं. "नाहीतर दोन पिढ्या बोलणं बंद!"

मी म्हटलं, आई, आम्हीही तेच करतोय, फक्त दोरी कागदावर आहे.

घर घेताना मिळालेला प्लॅट ऑफ सर्व्हे, म्हणजे आपल्याकडचा मोजणीचा नकाशा म्हणा, त्याच्या प्रतीवर नवं छप्पर मापात काढून द्यायचं. हद्दीपासून ठरलेलं अंतर सोडायचं. आमच्या नकाशात मागच्या कुंपणाला लागून एक तुटक रेघ आहे. रेघेपलीकडची पट्टी आमचीच, गवत आम्हीच कापायचं, पण बांधायचं काही नाही, कारण खालून वायरी आणि पाइप जातात. इतकी वर्षं तिथे टोमॅटो लावतोय, तेव्हा ती रेघ कधी डोळ्यांत भरली नव्हती.

खणण्याआधी ८११ ला फोन. इलिनॉयमध्ये या सेवेचं नाव आहे 'जुली'. आठवडाभर आमच्याकडे "जुलीला फोन केलास का?", "जुलीची माणसं आली का?" असं चाललं होतं आणि सासूबाई माझ्याकडे जरा काळजीने बघत होत्या. माणसं आली, पैसे न घेता अंगणात रंगीत खुणा करून गेली. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी फोन-केबलचा. लॉनवर रांगोळीच.

खांबांचे खड्डे इथे ४२ इंच खोल लागतात. थंडीत जमीन गोठते, तिच्यातलं पाणी फुगतं आणि उथळ पायावरचा खांब वर उचलला जातो. काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन उघडा खड्डा मोजतो. एकदा ओतलं की आत काय आहे ते कुणाला दिसणार? साडेतीन फूट ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात आमच्याकडे जांभा लागतो."

पण मला खरं लिहायचंय ते गॅसच्या तपासणीबद्दल. पाइप चरात टाकलेला, चर अजून उघडा. पाइपमध्ये गॅस नाही, नुसती हवा भरतात, दोन्ही टोकं बंद करतात आणि दाबाचा काटा बघत बसतात. एका घराच्या लाइनला दहा मिनिटं पुरतात. इन्स्पेक्टर शांतपणे उभा. प्लंबर त्याच्याशी गप्पा मारतोय, बोलता बोलता तोही थांबला. काटा खाली सरकत होता. अगदी थोडा, पण सरकत होता.

साबणाचं पाणी लावल्यावर भिंतीजवळच्या सांध्याशी बुडबुडे आले. स्वयंपाकघराची खिडकी तिथून चार पावलांवर. दुसऱ्या दिवशी त्या चरावर माती आणि तिच्यावर फरशा पडणार होत्या. रागवायचंही मला सुचलं नाही, मी नुसती ते बुडबुडे बघत राहिले. प्लंबरने सांधा बदलला, दोन दिवसांनी पुन्हा हवा, पुन्हा काटा. या वेळी तो हलला नाही.

परमिटशिवायच्या भावात तो काटा कुणी बघितला असता का, हे मी नवऱ्याला विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

शेवटच्या तपासणीला तोच इन्स्पेक्टर आला. छप्पर भिंतीला खिळ्यांनी नाही, बोल्टने धरलंय ना, ग्रिलपासून लाकूड किती लांब आहे, बाहेरचा प्लग चाचणीचं बटण दाबल्यावर बंद पडतो ना, सगळं बघून कार्डावर सही केली. तोवर सासूबाई आलं घातलेल्या चहाचा कप घेऊन बाहेर आल्या होत्या. त्याने हसून हात जोडले, ड्यूटीवर काही घेत नाही म्हणाला, आणि गेला.

"एवढे खेटे घातले बिचाऱ्याने," सासूबाई कप हातात धरून म्हणाल्या, "आणि चहापाणी काहीच नाही?"