सावली : चालकाविना धावणाऱ्या गाडीचं गाव

बडोद्याहून सावली साधारण ३० किलोमीटर. आपल्या मराठी घरांत हे नाव ओळखीचं आहे ते पिलाजीराव गायकवाडांमुळे. १७३२ मध्ये डाकोरला त्यांची हत्या झाली आणि अंत्यसंस्कार सावलीला झाले. मला मात्र या गावाची ओढ मेट्रोमुळे लागली. इथे २००८ मध्ये बॉम्बार्डियरचा रेल्वे डब्यांचा कारखाना सुरू झाला. २०२१ पासून तो अल्स्टॉमकडे आहे. इंदूर आणि भोपाळच्या मेट्रोचे डबे इथलेच, आणि चालकाविना धावण्याची सोय त्यांत आहे.

सावलीच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला, मागोमाग म्हशी. रिक्षावाल्याने हात बाहेर काढला, ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली आणि दोघेही सुखरूप पुढे गेले. स्वयंचलित मोटारीची खरी परीक्षा इथेच आहे. कॅमेरे, रडार आणि लेझर किरणांनी तिला म्हैस दिसेल. पण ती मान हलवण्याचा अर्थ कसा लावणार? आजूबाजूचा प्रत्येक जण पुढच्या क्षणी काय करील, याचा तिला सतत अंदाज बांधावा लागतो. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात वेमोच्या चालकाविना टॅक्सी २०२० पासून सर्वांसाठी सुरू झाल्या, पण तिथले रुंद, आखीव रस्ते वेगळे.

मेट्रोचं काम त्यामानाने सरळ. रुळांमधल्या खुणा आणि चाकांचे फेरे यांवरून गाडीला आपली जागा कळते. ती रेडिओने नियंत्रण संगणकाला कळवते. तो सांगतो, 'इथपर्यंतच जा.' निरोप तुटला, तर ब्रेक लागतात. मोटार अंदाजावर चालते, मेट्रो परवानगीवर. म्हणूनच दिल्लीच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० ला देशातली पहिली विनाचालक मेट्रो धावली. मोटारीला आपल्याकडे अजून वेळ आहे.

हा फरक आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशात, आणि नजर कमी झाल्यामुळे आजोबांनी स्कूटर सोडलेली. दवाखाना असो की मंडळाचा कार्यक्रम, कोणी नेईल तेव्हाच जायचं. स्वतः चालणारी मोटार त्यांच्या दारात येईल तेव्हा येवो. तोवर घरापासून थांब्यापर्यंत सपाट फूटपाथ, बसायला बाक आणि वेळेवर येणारी बस एवढं मागायला काय हरकत आहे? त्यासाठी कुठल्याही संगणकाची वाट पाहावी लागत नाही.