मोह दक्षिणेला असेल तर

सोलर बसवायला बोलावलं की लोक आधी छत दाखवतात. मी आधी झाडं बघतो. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडची घरं झाडांतच असतात. अंगणात मोह, कुंपणाला आंबा, मागे साग. शहरातल्या मोकळ्या गच्चीची मापं इथे तशीच्या तशी चालत नाहीत.

गडचिरोली साधारण 20 अंश अक्षांशावर आहे. म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल 20 अंशांच्या आसपास, एवढं ठरलेलं. खरी अडचण पाहणीच्या महिन्याची. पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणून पाहणी बहुधा मे महिन्यात होते. तेव्हा दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, साग निष्पर्ण असतो आणि सावली बुंध्यापाशीच घुटमळते. छत लख्ख दिसतं. त्याच छतावर डिसेंबरात जाऊन बघा. 22 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य 47 अंशांच्या वर चढत नाही. 30 फुटी झाडाची सावली जवळजवळ तेवढीच लांब उत्तरेला पडते. सकाळी नऊला तीच सावली वायव्येकडे 55 फुटांपर्यंत जाते. मोह घराच्या उत्तरेला असेल तर हिवाळ्यात त्याचा त्रास नाही. दक्षिणेला असेल, तर पॅनलची जागा त्याला विचारूनच ठरवावी लागते.

पॅनल सीरिजमध्ये जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एका पॅनलवर फांदीची सावली आली की अख्ख्या ओळीचं उत्पादन घसरतं. बायपास डायोड त्यातलं काही वाचवतो, सगळं नाही. पानगळीनंतर उरलेल्या उघड्या फांदीची सावलीही पुरेशी असते.

मग ‘झाड तोडा’ असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. मार्च-एप्रिलात घरातली बायामाणसं पहाटे उठून मोहफुलं वेचतात, पुढे बियांचं तेल निघतं. विजेसाठी ते घालवायचं? पॅनल गोठ्याच्या टिनावर न्यावीत, अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात लोखंडी खांबांवर चढवावीत, नाहीतर तोंड थोडं पश्चिमेला वळवावं. कल कमी ठेवला तर पश्चिमेला वळवून उत्पादन थोडंच घटतं. केबल लांबली तर जाड घ्यावी. कवेलूच्या छतावर मात्र पॅनल चढवूच नयेत. दरवर्षी कवेलू फेरायला माणूस वर चढणार, आणि जुन्या लाकडांना हे वजन पेलणार नाही.

चंद्रपूरकडे झाडांपेक्षा ऊन छळतं. पॅनलवर लिहिलेले वॅट 25 अंश तापमानाचे असतात. पारा 47 वर गेला की पॅनल स्वतः 65-70 अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के वीज घटते. म्हणून टिनावर पॅनल चिकटवून बसवू नये, खाली निदान अर्धा फूट हवा खेळू द्यावी. टिनाला भोक पाडायचं ते पन्हळीच्या उंचवट्यावर, खाचेत कधीच नाही; खाचेतलं भोक पहिल्याच पावसात घरात गळतं. घुग्घुसच्या बाजूला कोळशाची धूळ बसते, ती पहाटे धुवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे आता गावोगावी घाई आहे. तुमच्याकडे उन्हाळ्यात काम होणार असेल, तर आधीच्या डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छतावरच्या सावल्यांचे फोटो काढून ठेवा. बसवायला येणाऱ्याला ते दाखवा, आणि त्याला मोहाला हात लावू देऊ नका.